सेनेत पंडितजी म्हणून रुजू होण्यापूर्वी

भारतीय सेनेत धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण बहुधा परीक्षेविषयीच विचारतात, म्हणून तो भाग आधी आटोपतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू अशा वर्गांतून ही भरती होते. कोणत्याही शाखेची पदवी लागतेच. पंडितासाठी त्याखेरीज संस्कृतातील आचार्य, किंवा शास्त्री आणि कर्मकांडाची एक वर्षाची पदविका, अशी अर्हता मागितली जाते. लेखी परीक्षेला दोन प्रश्नपत्रिका असतात आणि १.६ किलोमीटर अंतर ८ मिनिटांत धावावे लागते. पाठ शुद्ध असूनही या धावण्यात मागे राहिलेले उमेदवार मी पाहिले आहेत, तेव्हा घोकंपट्टीबरोबर बूटही झिजवावेत. निवड झाल्यावर नायब सुभेदार हा हुद्दा मिळतो. माझे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत झाले. तेथे ग्रंथी आणि मौलवी यांच्या शेजारी खाट टाकून राहताना जे शिकलो, ते पुढे पलटणीत अधिक उपयोगी पडले.

छावणीतला दिवस सरळ असतो. पहाटेची पूजा, ठरलेल्या दिवशी मंदिर परेड, नव्या जवानांच्या कसम परेडला धर्मग्रंथ घेऊन उभे राहणे, रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट, आणि दुर्दैवाने कोणी गेला तर अंत्यसंस्कार. खरी परीक्षा पलटण उंचावर तैनात झाली की सुरू होते. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ९,००० फुटांपासून १५,००० फुटांपलीकडे जाईपर्यंत ६, ४ आणि ४ दिवसांचे तीन टप्पे पाळावे लागतात, आणि त्यातून पंडितजींना सूट नसते. शंख फुंकण्याचा हट्ट त्या दिवसांत तरी करू नये. मी केला आणि अर्धा तास डोके धरून बसलो.

वर पोहोचल्यावर पूजेचे साहित्यच आपल्याविरुद्ध उभे राहते. तूप डब्यात दगडासारखे होते, खोबरेलाचीही तीच गत, म्हणून लंगरातल्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातल्या, मोहरीच्या तेलावर, तेही बुखारी या खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ ठेवून, दिवा लावायला मी शिकलो. पहिल्यांदा नारळ वाढवला तेव्हा पाण्याऐवजी आतून बर्फाचा गोळा निघाला. मागे उभ्या जवानांना हसू आवरेना आणि खरे सांगायचे तर मलाही आवरले नाही.

याहून अवघड प्रश्न सोवळ्याचा होता. आमच्या घरी स्नानाशिवाय देवाला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि येथे अंगावर पाणी घेण्याची सोय कित्येक दिवस नसे. पहिल्या आठवड्यात मी मूर्तीपासून दूर बसून केवळ जप करीत राहिलो आणि मनातून अपराधी होत गेलो. मग पाठशाळेत शिकलेले मंत्रस्नान आठवले. ‘आपो हि ष्ठा’ म्हणत वितळवलेल्या बर्फाचे चार थेंब अंगावर शिंपडून मी पूजेला बसलो. आजारी आणि प्रवासी माणसांसाठी शास्त्राने ठेवलेली ती सवलत पाठशाळेत मला केवळ परीक्षेचा एक प्रश्न वाटली होती. त्या दिवसापासून माझी श्रद्धा कमी झाली असे मला वाटत नाही, मात्र तिचे सामान बरेच कमी झाले.

एक चूक मी लपवणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मित्र गमावलेल्या एका जवानापुढे मी बसलो आणि लगेच आत्मा जुने शरीर वस्त्रासारखे टाकतो हा गीतेतला ‘वासांसि जीर्णानि’ श्लोक सुरू केला. तो मुकाट्याने उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो एवढेच म्हणाला, ‘पंडितजी, श्लोक मलाही येतो.’ त्यानंतर मी आधी चहा ठेवतो आणि समोरचा बोलेपर्यंत थांबतो. बर्फाने वाट बंद असताना एकाचे वडील गेल्याचा निरोप आला, तेव्हा रात्रभर त्याच्याजवळ बसण्यापलीकडे मी काही केले नाही. दहाव्या दिवशी त्यानेच विचारले, म्हणून बुखारीवर बर्फ वितळवून आम्ही तिलांजली दिली. दर्भ नव्हता, माझ्या पिशवीत तीळ होते, तेवढ्यावर विधी झाला. शेजारी मूकपणे उभे असलेल्यांत पलटणीतला एक मुसलमान हवालदारही होता. रमजानात त्याच्या सेहरीची वेळ लंगरला कळवण्याचे काम माझ्याकडे असे, कारण त्या चौकीवर मौलवी नव्हते. हे काम आपले नव्हे असे ज्याला वाटेल, त्याने अर्ज भरण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

जवान विश्वासाने जे सांगतो ते पंडिताने पोटात ठेवावे, हा माझा नियम आहे. मात्र ज्याच्या हाती शस्त्र आहे आणि जो आता जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला आहे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच क्षणी कंपनी कमांडरला व डॉक्टरांना कळवावे. तेथे गुप्ततेचा विचार करीत बसू नये.

मी एक लहान वही बाळगतो. कोणाच्या आईवडिलांची तिथी कधी, कोणाचा उपवास कोणत्या वारी, कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आले आहे, एवढेच तिच्यात लिहितो; बाकीचे काही कागदावर उतरवत नाही. बदलीचा हुकूम आला की निघण्यापूर्वी ती वही बुखारीत टाकतो आणि नव्या पलटणीसाठी कोरी घेतो.