महिला वेटलिफ्टिंगची स्पर्धा वही-पेन घेऊन कशी बघावी

वेटलिफ्टिंगमध्ये पदक बऱ्याचदा एका किलोवर ठरतं. तो किलो कुणी मागितला, कधी मागितला आणि का मागितला, हे कळलं नाही तर दीड-दोन तास नुसता बार वर-खाली होताना दिसतो. त्यामुळे नंतर चर्चेत भाग घ्यायचा असेल, तर थेट प्रक्षेपण बघताना शेजारी वही हवीच.

एका खेळाडूला एक ओळ द्या. नाव, शरीराचं वजन, प्रवेशावेळी लिहून दिलेली एकूण बेरीज (दोन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम वजनांची), मग स्नॅचचे (बार एकाच झटक्यात डोक्यावर) तीन रकाने आणि क्लीन अँड जर्कचे (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) तीन. चांगल्या प्रयत्नाचा आकडा तसाच ठेवा, फसलेल्यावर काट मारा आणि काट मारतानाच कारण लिहा: पुढे पडला तर ‘पु’, मागे गेला तर ‘मा’, कोपर वाकलं म्हणून पंचांचे लाल दिवे (प्रयत्न बाद) लागले तर ‘को’. प्रशिक्षकाने वजन बदललं तर जुना आकडा खोडू नका, बाजूला तिरकी रेघ मारून नवा लिहा. स्पर्धा संपल्यावर खरी गोष्ट या तिरक्या रेघाच सांगतात.

बारवर किती आहे, हे पडद्यावर बघण्याआधी

महिलांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड असतो. पुरुषांचा २० किलोचा, २८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंच्या कॉलर, म्हणजे प्लेट घट्ट धरणाऱ्या कड्या, अडीच-अडीच किलोच्या. म्हणजे महिलांच्या स्पर्धेत प्लेट चढायच्या आधीच २० किलो झाले. मोठ्या प्लेटचे रंग: लाल २५, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. लहान प्लेटमध्ये पांढरी ५ किलोची, त्यानंतर तेच रंग पुन्हा येतात: लाल अडीच, निळी २, पिवळी दीड, हिरवी १ आणि पांढरी अर्धा किलो. एका बाजूची बेरीज करा, दुप्पट करा, २० मिळवा. बहुतेकांची चूक इथे होते, कारण पुरुषांच्या स्पर्धांची सवय असली की ५ किलो जास्त मोजले जातात.

कोण कधी येणार

बारवरचं वजन चढतच जातं, खाली येत नाही. ज्या खेळाडूने सगळ्यांत कमी वजन मागितलंय ती आधी येते. दोघींनी एकच वजन मागितलं, तर जिचा प्रयत्न क्रमांक लहान ती आधी. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं. आपल्याच प्रयत्नानंतर लगेच पुन्हा आपलीच पाळी आली तर दोन मिनिटं. दोन मिनिटं ऐकायला बरी वाटतात, पण जड क्लीन अँड जर्क फसल्यावर श्वास जागेवर यायलाच त्यातली बरीच जातात.

प्रयत्न झाल्यावर पुढचं वजन लगेच जाहीर करावं लागतं. चांगल्या प्रयत्नानंतर किमान एक किलो वाढवावाच लागतो. पुढे त्या प्रयत्नासाठी दोनदा बदल करता येतो, पण घड्याळात शेवटचे ३० सेकंद राहण्याआधी. प्रशिक्षक या दोन बदलांचा वापर नुसतं वजन ठरवायला करत नाहीत. आपल्या खेळाडूला दम घ्यायला वेळ हवा असेल तर एक किलो वाढवून मधे दुसरीला पुढे जाऊ देतात. पडद्यावर अचानक आकडा बदलला आणि वेगळीच खेळाडू आली, तर आधी हीच शंका घ्यावी.

मागच्या सरावकक्षात काय चाललंय हे कॅमेरा क्वचितच दाखवतो, पण अंदाज बांधता येतो. तिथे प्रशिक्षक मंचावरचे प्रयत्न मोजत बसलेले असतात. ढोबळ हिशेब असा की मंचावर तीनेक प्रयत्न झाले की आत सरावाचा एक. प्रतिस्पर्ध्यांनी एकदम मोठी उडी घेतली की मधले प्रयत्न गळतात आणि खेळाडूला सरावाचे शेवटचे दोन वजन घाईत उरकावे लागतात. उलट मधे बरेच प्रयत्न घुसले तर अंग थंड पडतं. पहिलाच प्रयत्न, तोही तिच्या आवाक्यातला, विचित्र फसला की कारण बहुधा इथे सापडतं.

बरोबरी झाली तर

पूर्वी बरोबरी झाल्यास शरीराचं वजन कमी असलेली वर जायची. २००० साली सिडनीत महिलांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा ६९ किलो गटात सुवर्ण आणि रौप्य दोघींची बेरीज २४२.५ होती आणि निकाल शरीराच्या वजनावर लागला. त्याच गटात कर्णम मल्लेश्वरी २४० वर कांस्यपदक घेऊन गेली. आता ती बेरीज जी आधी गाठते ती वर.

हा नियम डोक्यात ठेवून टोकियो ऑलिम्पिकचा ५५ किलो गट पुन्हा बघा. फिलिपिन्सची हिडिलिन डियाझ आणि चीनची लियाओ चियुयुन, दोघींचं स्नॅच ९७. लियाओने क्लीन अँड जर्कमध्ये १२६ केलं, बेरीज २२३. डियाझच्या हातात शेवटचा प्रयत्न. १२६ मागून उपयोग नव्हता, कारण बरोबरी झाली तरी २२३ आधी लियाओने गाठले होते. म्हणून १२७. बारच्या एका बाजूला बघायचं तर १२६ साठी दोन मोठ्या लाल, एक लहान लाल आणि अर्ध्या किलोची पांढरी. १२७ साठी ती पांढरी काढून एक किलोची हिरवी. डियाझने ते उचललं आणि २२४ वर फिलिपिन्सचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण झालं.

स्नॅच संपल्यावर दहा मिनिटांची विश्रांती असते. त्या वेळात चहा नको, बेरजा करा. प्रत्येकीच्या स्नॅचचा तिच्या क्लीन अँड जर्कशी काय मेळ आहे ते बघा; साधारणपणे स्नॅच ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं. टोकियोत ४९ किलो गटात चीनच्या होऊ झीहुईचं ९४ आणि ११६, म्हणजे ८१ टक्के. मीराबाई चानूचं ८७ आणि ११५, म्हणजे ७६ च्याही खाली. मीराबाईची ताकद दुसऱ्या भागात, हे यावरून उघड होतं, पण स्नॅचमध्येच सात किलोंचा खड्डा पडल्यावर तो जर्कमध्ये भरून काढणं किती अवघड होतं हेही. ज्या चर्चेत नुसतं ‘जर्क भारी आहे’ एवढंच म्हटलं जातं, तिथे हे दोन आकडे शेजारी मांडावेत.

लाल दिवा का लागला

तीन पंच असतात, दोन पांढरे दिवे पुरतात. त्यावर ज्युरी, म्हणजे पंचांच्या वरचं मंडळ, व्हिडिओ बघून निकाल फिरवू शकते, त्यामुळे पहिल्या दिव्यांवर लगेच उसळू नये.

सगळ्यांत जास्त भांडणं कोपरावरून होतात. बार डोक्यावर गेल्यावर कोपर आधी ताठ व्हायला हवं आणि ताठच राहायला हवं. ते वाकून पुन्हा सरळ झालं, किंवा शेवटचा भाग दाबून पूर्ण केला, की प्रयत्न बाद. असं होतं कारण बारला पायांनी पुरेसा धक्का मिळालेला नसतो किंवा बार पुढे गेलेला असतो. उरलेलं काम मग हातांवर येतं. काहींची कोपरं जन्मतःच पूर्ण ताठ होत नाहीत. त्यांनी स्पर्धेआधी पंचांना तसं सांगून ठेवायचं असतं. म्हणून कुणाचा हात वाकडा दिसतोय म्हणून लगेच अन्याय झाल्याचं ठरवू नका.

क्लीनमध्ये बसलेल्या अवस्थेत कोपर मांडीला किंवा गुडघ्याला टेकलं तरी बाद. आणि पंचांनी खुणावण्याआधी बार सोडला तर उचलला तो फुकट. स्थिर झालेली खेळाडू आनंदात घाई करते आणि जातं सगळं.

कॅमेऱ्याचा कोन फार महत्त्वाचा. तिरक्या कोनातून कोपराचा निकाल करू नका. तो समोरून बघायचा. बार कुठून कसा गेला हे मात्र बाजूने बघावं. स्नॅचची चित्रफीत थांबवून, जमिनीवरच्या बारवरून एक सरळ उभी रेघ कल्पून पुढे चालवा. कंबर खांद्यांआधी वर आली की खांदे मागे राहतात, बार शरीरापासून दूर फिरतो आणि समोर पडतो. जर्कमध्ये गुडघे वाकवताना छाती पुढे झुकली की बारही पुढेच जाणार. पाय कुठे पडला ते मग बघा. पुढचा पाय आखूड पडला तर बार सांभाळायला जागाच उरत नाही.

तुलना करताना

वजनगट वारंवार बदलतात. मीराबाईचं ११९ किलोचं क्लीन अँड जर्क २०२१ मध्ये झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतलं, ४९ किलो गटातलं. २०२५ च्या जूनपासून तो गट जाऊन ४८ किलोचा आला. दोन्ही गटांतले आकडे एका यादीत टाकले की वाद निष्फळ होतो. आणखी एक: जागतिक स्पर्धेत स्नॅच, जर्क आणि एकूण अशी तीन वेगळी पदकं असतात, ऑलिम्पिकमध्ये फक्त एकूण बेरजेचं. ‘तीन पदकं जिंकली’ असं कुणी लिहिलं तर स्पर्धा कुठली ते आधी विचारा.

पॉवरलिफ्टिंगच्या चर्चेत हीच वही चालत नाही. तिथे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट. सगळ्यांचा पहिला प्रयत्न संपला की मग दुसऱ्याची फेरी लागते, त्यामुळे वेळ साधण्याचे डाव फारसे उरत नाहीत. शिवाय आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या स्पर्धेत महिलांनाही २० किलोचाच बार असतो, म्हणजे कॉलर धरून सुरुवात २५ पासून.