गल्लीतली धूळ कागदावर आणायची कशी?

बेळगावच्या अनगोळात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटार खणलं आणि माती महिनाभर तशीच पडून राहिली. टेंपो गेला की खिडकीच्या गजांवर लाल थर. उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी तीस वर्षं वाळूत काढली, त्यामुळे धुळीशी जुनी ओळख. तरी एका कचेरीत जाऊन "हवा लई खराब झालीय साहेब" एवढंच बोलून आलो. साहेबांनी मान हलवली, झालं.

चूक माझीच. हवेची म्हणून तक्रार केली की ती कुणाचीच होत नाही. आधी धूळ कुणाची ते ठरवा. रस्त्याकडेची माती, बांधकामाचा राडारोडा, पेटवलेला कचरा हे कार्पोरेशनचं काम. कारखान्याची चिमणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. गाड्यांचा धूर आरटीओचा.

मग सरकारी आकडा वाचायला शिका. जुन्या पद्धतीच्या यंत्रात पंप असतो, तो मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा फिल्टर कागदातून ओढतो. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. दिवसभरात हवा जाते सुमारे १,५८० घनमीटर. तेवढ्यात कागदाचं वजन ०.१५८ ग्रॅमनं वाढलं, तर हवेत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम धूळ. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ; तिच्यासाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकातली चोवीस तासांची मर्यादा नेमकी हीच. वर्षाच्या सरासरीला ६०. ग्रॅमचा सहावा हिस्साही नाही बघा! आम्ही एवढी वाळू शर्टावरनं झटकून घरी यायचो.

पण यंत्र जिथं बसवलंय तिथलीच हवा मोजतं, आणि ही तोलायची यंत्रं आठवड्यातून दोनच दिवस चालतात. तुमच्या गल्लीचा हिशेब तुम्हीच ठेवायचा. साधी वही घ्या. तारीख, वेळ, जागा, वारं कुठनं आणि धूळ किंवा धूर कशाचा, एवढं लिहा. वारं विसरू नका. आपल्याकडं पावसाळ्यात ते पश्चिमेकडनं येतं, थंडीत पूर्वेकडनं. थंडीच्या पहाटे धूर वर चढत नाही, म्हणून पेटवलेल्या पाल्याची नोंद तेव्हाच करा. मुलानं स्वस्तातला सेन्सर आणला होता. श्रावणातल्या धुक्यात तो दिल्लीसारखे आकडे दाखवायला लागला. पाण्याचे थेंबही त्याला धूळच वाटतात. पावसाळ्यात त्याच्या आकड्यांच्या जोरावर भांडू नका.

पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या की फोटो जोडून अर्ज द्या, पोच घ्या. कचरा जाळण्याबद्दल असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाचा, २०१६ चा आदेश लिहा: उघड्यावर जाळल्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. माझा पहिला अर्ज मराठीत होता, तो परत आला. राग आला, कुणाला नाही येणार? पण कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, म्हणजे इथं कानडी. शेजारच्या पोरीकडनं कानडीत लिहून घेतला. भाषेचं भांडण दुसऱ्या दिवशी करा, धूळ आज उचलायचीय. कर्नाटकात अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा प्रश्न नेमके ठेवा: ह्या वॉर्डात राडारोडा टाकायची जागा कुठली? गेल्या वर्षी किती जणांना दंड झाला? रस्ता यंत्रानं झाडतात का, आणि कुठल्या वारी?

२०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात कर्नाटकातली बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी घेतली, बेळगाव नाही. म्हणून हुबळी-धारवाडचा आराखडा मागवून घ्या आणि त्यातली कामं आपल्या नगरसेवकापुढं ठेवा. रस्त्याच्या कडा फरसबंद करायची मागणी पहिली घ्या. धूळ तिथनंच उठते. दुसरी म्हणजे झाडायच्या आधी पाणी शिंपडणं. आमच्या गल्लीत पहाटे झाडणाऱ्या बाई तोंडाला पदर बांधून कोरडंच झाडतात, आणि खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा खिडकीत येते.