जीवाश्म फर्न वाचताना या चुका टाळा

दगडात फर्नचं पान दिसलं की "इथे उष्ण, दमट जंगल होतं" हे वाक्य ओठांवर तयारच असतं. थोडं थांबा.

आधी ते पान तरी आहे का? भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज साचून दगडावर काळी, झुपकेदार नक्षी उमटते आणि नवखे हटकून तिला फर्न समजतात. भिंग लावा. खऱ्या पर्णिकेत सहसा मधली शीर आणि तिच्यातून निघालेल्या बारीक शिरा दिसतात. नक्षीला नुसते फाटे फुटलेले असतात.

पान असलं तरी ते फर्नचंच असेल असं नाही, आणि इथे भले भले फसले आहेत. दगडी कोळशाच्या थरांतली कित्येक 'फर्न' प्रत्यक्षात बी धरणाऱ्या, पुढे नामशेष झालेल्या वनस्पती निघाल्या. १९०३ साली ऑलिव्हर आणि स्कॉट या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका सुट्या बीच्या वेष्टनावरच्या ग्रंथी फर्नसारख्या पानादेठांवरच्या ग्रंथींशी ताडून पाहिल्या. त्या हुबेहूब सारख्या होत्या, म्हणजे ते बी त्याच वनस्पतीचं होतं. म्हणून पानाची पाठ शोधा. तिथे बीजाणूंचे (फर्न बीऐवजी ज्यांच्यापासून उगवतं त्या सूक्ष्म कणांचे) पुंजके दिसले तर फर्न म्हणायला आधार मिळतो. दगड फुटल्यावर दुसरा अर्धा तुकडा फेकू नका (लोकांना ही खोडच असते), पुंजक्यांचा ठसा कदाचित त्याच्यावरच असेल.

सगळ्यात महागात पडते ती 'फर्न म्हणजे पाऊस' ही समजूत. क्रिटेशियस काळातल्या (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातल्या) वाइक्सेलिया या फर्नच्या पर्णिका जाड, चिवट, कोरडेपणा सोसणाऱ्या होत्या, आणि ते बरेचदा वणव्यात जळून कोळसा झालेलंच सापडतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला, त्यानंतरच्या उत्तर अमेरिकेतल्या थरांत अशनीसोबत आलेल्या इरिडियम धातूच्या थराच्या लगेच वर फर्नचे बीजाणू एकदम वाढतात. पाऊस वाढला म्हणून नव्हे. जंगल मेलं आणि वाऱ्यावर आलेल्या बीजाणूंनी मोकळी जमीन आधी बळकावली. १८८३ च्या उद्रेकानंतर तीन वर्षांनी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या राखेवरही फर्नचंच राज्य होतं.

कधी मात्र एकच फर्न बरंच सांगून जातं. आर्क्टिकच्या समुद्रतळात सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात अझोला भरपूर सापडलं. ते गोड्या पाण्यावर तरंगतं, म्हणजे तेव्हा समुद्रावर गोड्या पाण्याचा थर होता. नद्यांनी वाहून आणलं नसेल कशावरून? मोठ्या बीजाणूंना छोट्या बीजाणूंचे पुंजके चिकटलेलेच सापडले. दुरून वाहत आले असते तर ते वाटेतच सुटले असते.