वॉटर सोर्स हीट पंपचं पाइपिंग: या चुका टाळा

वॉटर सोर्स हीट पंप म्हणजे खोलीतली उष्णता पाण्याच्या लाइनीत सोडणारं किंवा लाइनीतून खोलीत आणणारं मशीन. तो ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की पहिला संशय मशीनवर. गॅस कमी असेल, कार्ड उडालं असेल, कंपनीनं भलताच माल पाठवला असेल. पण नव्या इमारतीत सुरुवातीला येणाऱ्या तक्रारींचं मूळ मला तरी बहुतेक वेळा पाण्याच्या लाइनीतच सापडलंय.

एका कामावर सगळ्यात वरच्या मजल्याची चार मशिनं कूलिंगला लावली की दहा मिनिटांत हाय प्रेशरवर बंद पडायची. मेकॅनिक गेज लावून गॅस काढायच्या बेतात होता. त्याला थांबवून आधी स्ट्रेनर, म्हणजे पाण्यातला कचरा अडवणारी जाळी, उघडायला लावला. जाळीत वेल्डिंगचा स्लॅग, पाइप कापल्याचा कीस आणि टेफ्लॉन टेपची वीतभर शेपटी! पाण्याला वाटच नव्हती. गॅस कारखान्यातून भरून आला होता तितकाच होता; तो काढला असता तर एकाच्या जागी दोन बिघाड झाले असते.

तिथं झालेली चूक सर्रास होते: मशीन जोडूनच लाइन फ्लश करणं, म्हणजे जोरात पाणी सोडून धुणं. आतल्या कॉइलमध्ये पाण्याची वाट अरुंद असते, तिथं अडकलेला कचरा सहजी निघत नाही. फ्लशिंग होईपर्यंत सप्लाय आणि रिटर्नचे होज मशीनला न लावता एकमेकांना जोडून ठेवा. सगळे मजले एकदम उघडू नका, पंपाचा जोर वाटला जातो आणि गाळ तळाशी तसाच बसून राहतो. एकेक राइझर (मजल्यांतून वर जाणारा उभा पाइप), एकेक फांदी घ्या. हवा आणि कचरा ओढून न्यायचा तर पाइपात पाणी सेकंदाला निदान 0.6 मीटरनं धावलं पाहिजे. बादलीत स्वच्छ पाणी दिसलं म्हणजे झालं, असं समजू नका. स्ट्रेनर उघडा, धुवा, पुन्हा चालवा. जाळी सलग दोनदा कोरी निघाली की मगच मशीन जोडा.

जोडताना दोन पाने घ्या. हे सांगून माझा घसा बसलाय. एका पान्यानं मशीनचा नट धरायचा, दुसऱ्यानं होज फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला की आतली तांब्याची नळी पिळवटते, आणि गळती मशीनच्या पोटात सुरू होते, जिथं हातही पोचत नाही. होजला पीळ किंवा घडी पडू देऊ नका.

हवेचं दुखणं वेगळं. बीम चुकवायला पाइप वर उचलून पुन्हा खाली आणला की त्या कमानीत हवा कोंडते. तिथं व्हेंट, म्हणजे हवा सोडायचा व्हॉल्व्ह, नसेल तर लाइन गुळगुळ वाजते आणि पुढच्या मशीनला पाणी कधी मिळतं, कधी नाही. राइझरच्या माथ्यावर व्हेंट हवाच. पाणी खालून, सावकाश भरा.

जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) आणि तांबं सरळ एकमेकांना जोडलं की जीआय खाल्लं जातं. कूलिंग टॉवरचं उघडं पाणी थेट मशीनमध्ये सोडलं तर कॉइलवर क्षार चढतात. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर टाका, म्हणजे दोन्ही पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे जाते.

आता बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक मशीनला त्याच्या वाट्याचं पाणी मिळवून देणं. पंपाजवळचं मशीन पाणी ओढून घेतं आणि शेवटचं कोरडं राहतं. रिव्हर्स रिटर्न केलं, म्हणजे सगळ्यात आधी पाणी मिळणाऱ्या मशीनचं पाणी सगळ्यात लांबच्या वाटेनं परत आणलं, तर त्रास बराच कमी होतो, तरी प्रत्येक मशीनला बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आणि प्रेशर-तापमान मोजायचे पॉइंट हवेतच. टॉवर-बॉयलरच्या लूपमध्ये (टॉवर उष्णता काढतो, बॉयलर देतो अशा फिरत्या लाइनीत) कूलिंग क्षमतेच्या दर टनामागे मिनिटाला साधारण 11 लिटर पाणी धरतात. कूलिंगमध्ये 30 अंशांनी आत गेलेलं पाणी 35-36 नं बाहेर पडलं तर ठीक. 41-42 दिसलं तर पाणी जवळपास निम्मंच येतंय: स्ट्रेनर, व्हॉल्व्ह आणि हवा याच क्रमानं बघा. फरक दोन अंशांवर आला असेल तर एकतर पाणी गरजेपेक्षा जास्त सोडलंय, नाहीतर कॉम्प्रेसर काम करत नाहीये. हीटिंगमध्ये पाणी कमी पडलं की लो प्रेशर किंवा फ्रीझचा ट्रिप येतो, कारण तेच.

इन्सुलेशनवर मात्र हमखास कात्री चालते. टॉवर-बॉयलरच्या लूपचं पाणी साधारण 15 ते 32 अंशांत राहतं, त्यामुळे वातानुकूलित जागेतला पाइप उघडा चालून जातो. जमिनीत पुरलेल्या पाइपांच्या लूपचं पाणी हिवाळ्यात शून्याच्या आसपास जातं आणि पाइपाला घाम फुटतो. छतावर डाग दिसला की लोक गळती शोधत पाइप कापतात. आधी पाइप कोरडा पुसा आणि अर्धा तास बघा: पाणी एका जोडापाशीच आलं तर गळती, अख्ख्या लांबीवर दव धरलं तर इन्सुलेशन राहिलंय.