ऑफिसातले दहा-पंधरा संगणक विंडोज 11 वर नेताना

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विकतची मुदतवाढ मिळते, पण संस्थांना ती दर मशीनमागे पहिल्या वर्षी 61 डॉलरला आणि पुढे दरवर्षी दुप्पट दराने पडते. तीन वर्षांचे 427 डॉलर होतात. तेवढ्यात नवं मशीन येतं.

आधी यादी करा. विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसइन्फो32 उघडा आणि प्रोसेसर, रॅम, बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) मोड लिहून घ्या. आय5-7400 असेल तर सातवी पिढी, ती विंडोज 11 साठी बाद; आय5-8400 किंवा 10400 चालेल. रॅम कागदोपत्री 4 जीबी पुरते. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल एकदम उघडणाऱ्यासाठी 8 च्या खाली जाऊ नका. जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडीवर क्लोन करा, मग अपग्रेड. 32 बिट विंडोज असलेल्या मशीनवर थेट अपग्रेड होतच नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं.

टीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप) सापडत नाही असं दिसलं तर बहुतेक वेळा तो बायोसमध्ये बंद असतो. इंटेल बोर्डावर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाने शोधा.

खरी अडचण येते बायोस मोड 'लेगसी', म्हणजे जुन्या पद्धतीचा, असला की. डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी 'एमबीआर टू जीपीटी' हा प्रोग्राम विंडोजमध्येच असतो. आधी व्हॅलिडेट (तपासणी), मग कन्व्हर्ट (बदल), आणि चालू विंडोजमधून करताना दोन्ही वेळा कमांडला 'अलाऊ फुल ओएस' जोडायचं. आपल्याकडे असेंबल करणारा हमखास सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देतो, आणि इथेच व्हॅलिडेट अडकतं. कारण एका डिस्कवर प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन हवीत आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल अजिबात नको. डी-ई मधला डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, उघडून तपासा, ती पार्टिशन काढा, कन्व्हर्ट करा, मगच बायोसमध्ये यूईएफआय हा नवा मोड लावा. हा क्रम उलटा झाला तर मशीन बूट होणार नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहा. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की कुणाच्या कामाची?

आयएसओ (विंडोज 11 ची पूर्ण इन्स्टॉल फाइल) एकदाच उतरवून त्यातलं सेटअप चालवा. 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय फिका दिसत असेल तर तिथेच थांबा. बहुधा भाषा जुळत नसते: मशीनवर यूएस इंग्लिश आणि आयएसओ इंटरनॅशनल.

पहिलं एकच मशीन करा, आणि तेही जीएसटीच्या 20 तारखेच्या तोंडावर नको. आठवडाभर त्यावर डिजिटल सहीचा टोकन, डॉट मॅट्रिक्सची छपाई, श्रीलिपी किंवा आयएसएममधलं टायपिंग आणि जुन्या फाइलमधली जोडाक्षरं बघा. जुनं विंडोज परत आणायला दहाच दिवस मिळतात. अपग्रेड झाल्या झाल्या विंडोजमधल्या डीआयएसएम या कमांडने ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता येते.

टॅलीचा डेटा असलेलं मशीन सर्वांत शेवटी. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीच्या प्रोमध्ये पासवर्डशिवायचं, म्हणजे गेस्ट म्हणून, शेअरिंग बंद असतं. 'एव्हरीवन'ला मोकळा सोडलेला फोल्डर किंवा जुनी नॅस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) सकाळी उघडत नाही, आणि सगळे केबल तपासत बसतात. इंटरनेटवर गेस्ट पुन्हा चालू करायची युक्ती सापडेल, करू नका. डेटाच्या मशीनवर पासवर्डसह एक युजर बनवा, फोल्डरला त्याचे हक्क द्या आणि बाकीच्या प्रत्येक मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) तोच युजर-पासवर्ड भरा. एका मशीनला जेमतेम पाच मिनिटं लागतात.