लहानपणीची जागा कागदावर कशी उतरवायची

‘तुमच्या जुन्या घराबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: ‘छान होतं, आता तसं राहिलं नाही.’ पुढे गाडी सरकत नाही. त्याच माणसाच्या हातात पेन्सिल द्या आणि शाळेतून घरी यायचा रस्ता काढायला सांगा. कुत्र्याच्या भीतीने घेतलेला वळसा, बोलणं बंद झालेल्या शेजाऱ्यांचं दार, संध्याकाळी बसायची ती भिंत, सगळं आपोआप बाहेर येतं. म्हणून काय वाटतं ते विचारायचं नाही, रस्ता विचारायचा. ही पद्धत आई-वडिलांसाठी, मावशी-काकांसाठी चालते, तशीच स्वतःसाठीही.

सामान थोडंच लागतं: ए३ आकाराचे (२९७ × ४२० मिमी) चार-पाच कोरे कागद, २बी पेन्सिल, तीन रंगांची स्केचपेनं, ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टी आणि बोलणं रेकॉर्ड करायला फोन. ए४ कागद घेऊ नका. लहान कागदावर माणूस कडेला पोचला की थांबतो, आणि त्यापलीकडे काय होतं ते राहूनच जातं. ए३ अपुरा पडला तर दुसरा कागद चिकटवा. नकाशा कुठल्या बाजूला वाढला हीसुद्धा माहितीच असते. खोडरबर मात्र देऊ नका. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि शेजारी नवी काढायची. हात कुठे अडखळला ते त्यामुळे नंतर दिसतं.

फोन टेबलावर नुसता ठेवला तर पेन्सिलची प्रत्येक खरखर रेकॉर्ड होते, म्हणून खाली घडी घातलेला जाड कपडा घाला. तोंडापासून अंतर साधारण ३० सेंमी ठेवा, एअरप्लेन मोड लावा, पंखा बंद करा. एक मिनिट रेकॉर्ड करून ते इअरफोन लावून ऐका, मगच सुरुवात करा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकाच वाहिनीची) डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा घेते. दीड तासाला अर्धा जीबी मोकळा हवा.

<b>आधी रेघा, मग प्रश्न</b>

सुरुवात एवढ्याच वाक्याने करा: ‘तुम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना घरातून निघून शाळेत कसे जायचात, ते काढून दाखवा.’ वय सांगणं महत्त्वाचं. नाहीतर तीन वेगवेगळ्या काळांतली जागा एकाच कागदावर येते आणि पाडलेलं झाड व त्याच्या जागी उभी राहिलेली इमारत दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. ‘मला चित्र येत नाही’ हे बहुतेक सगळे म्हणतात. चौकोन म्हणजे घर, रेघ म्हणजे रस्ता, इतकं पुरे. हात थरथरत असेल तर तुम्ही काढा, पण प्रत्येक वळणावर विचारा: ‘मावशी, दारातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला की उजव्या?’ अंदाजाने पुढे जाल तर तो नकाशा तुमचा होईल.

पहिली वीस मिनिटं गप्प बसा. ही सगळ्यात अवघड पायरी. माणूस थांबला की आपण लगेच शब्द पुरवतो; त्याऐवजी मनात दहापर्यंत आकडे मोजा. चांगली गोष्ट बहुधा सात-आठच्या आसपास येते.

रेकॉर्डिंगमधला नेहमीचा घोळ म्हणजे ‘हे इथे होतं ना, त्याच्या बाजूला ते’. समोर बसून सगळं समजतं, पण महिन्याने ऐकताना काहीच नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक जागेला पेन्सिलने आकडा द्या आणि तो मोठ्याने उच्चारा, ‘म्हणजे सात नंबरच्या विहिरीपाशी?’

नकाशा भरल्यासारखा वाटला की एक चाळणी लावा. अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांकडून नकाशे काढून घेतले होते. त्यावरून लोकांच्या डोक्यातली जागा पाच गोष्टींनी बनते, असं त्यांनी १९६० साली मांडलं: वाटा, कडा (म्हणजे हद्दी), भाग, नाके आणि खुणा. यातलं काय सुटलंय ते बघा. बहुतेक वेळा कडा सुटतात. त्यासाठी सगळ्यात कामाचा प्रश्न: ‘एकट्याने कुठपर्यंत जायची परवानगी होती? आणि प्रत्यक्षात कुठपर्यंत जायचात?’ दोन्ही हद्दी तुटक रेघांनी आखा. त्या दोन रेघांमधल्या पट्ट्यात बालपणाचा निम्मा ऐवज असतो.

‘अंगण केवढं मोठं होतं!’ यावर मान डोलावू नका. ‘एका टोकाहून दुसरीकडे धावायला किती वेळ लागायचा? दाराची वरची कडी हाताला लागायची का?’ असं विचारा. सहा वर्षांचं मूल सुमारे ११५ सेंमी उंचीचं असतं; त्याच्या डोळ्यांना साधा कठडासुद्धा तटबंदी वाटतो. कडीला हात पुरत नसेल तर अंगण कुणाच्या उंचीवरून मोजलंय ते कळतं. नकाशावर घर बोटाएवढं आणि अंगण तळहाताएवढं आलं असेल तर दुरुस्त करू नका, ते माप बरोबरच आहे.

सालं विचारून फारसं हाती लागत नाही. खूप जुन्या घटना मनात अलीकडे सरकतात. ‘कितवीत होता?’, ‘धाकटी बहीण चालायला लागली होती का?’ असं विचारून काळ पक्का करा. वासांसाठी थोडा वेगळा वेळ ठेवा. शब्दांनी जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक ११ ते २० या वयातल्या, तर वासाने जाग्या होणाऱ्या त्याही आधीच्या, पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. ‘डोळे मिटून जिन्यात उभे राहा, कशाचा वास येतोय?’ एवढंच म्हणा आणि थांबा.

<b>रंगांचा थर</b>

आता नकाशावर ट्रेसिंग पेपर चिकटवून तीन रंग द्या: एक ओढ वाटणाऱ्या जागांना, एक धाकाच्या आणि एक कंटाळ्याच्या. कंटाळ्याचा रंग वगळण्याचा मोह होतो, पण वगळू नका. दिवसाचे जास्तीत जास्त तास तिथेच गेलेले असतात आणि घर कसं चालायचं हे तिथूनच समजतं. ओढ आणि धाक एकाच जागेवर आले तर दोन्ही रंग एकमेकांवर ओढू द्या, निवड करायला लावू नका.

सगळाच नकाशा ओढीच्या रंगाने भरला तर जरा सावध व्हा. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली घराच्या ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं, ते रोग म्हणून. ग्रीकमध्ये नोस्टोस म्हणजे परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. आज त्यातली वेदना गळून नुसता गोडवा उरलाय. ‘कुठल्या दारावरून पळत जायचात?’ हा प्रश्न तो गोडवा बेताचा करतो.

जे आपली जागा सोडून कधी बाहेर पडलेच नाहीत त्यांची अडचण उलटी असते. त्यांच्या डोळ्यांसमोर जागा रोज बदलली, म्हणून जुनी सापडत नाही. त्यांना आजचा नकाशा आधी काढू द्या आणि मग प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ‘इथे आधी काय होतं, त्याच्या आधी काय?’ असं उलट जा. इथे राग निघू शकतो. घरात असूनही घर हरवल्याच्या या दुःखाला ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी ‘सोलास्टाल्जिया’ हा शब्द घडवला. पूर, युद्ध किंवा विस्थापनामुळे घर सोडावं लागलेल्या माणसाला शेवटचा दिवस कधीच पहिल्यांदा विचारू नका. साध्या दिवसांपासून सुरुवात करा. शेवटचा दिवस त्यांना सांगायचा असेल तर ते स्वतः सांगतील.

भावंडांना एकत्र बसवू नका. थोरला ‘अगं, विहीर तिकडे नव्हती’ म्हणतो आणि धाकटीची विहीर कायमची पुसली जाते. दोघांचे नकाशे वेगवेगळ्या दिवशी काढून मग समोरासमोर ठेवा. उपग्रहचित्र तर सगळ्यांत शेवटी. ते एकदा पाहिलं की हात आपोआप त्याच्यासारखाच काढायला लागतो. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, ती तुलनेसाठी उपयोगी आहेत. फरक आढळला तर ट्रेसिंग पेपरच्या दुसऱ्या थरावर नोंदवा, मूळ रेघेला हात लावू नका.

बैठक दीड तासाच्या पुढे ओढू नका. त्याच रात्री नकाशाच्या मागे पेन्सिलने नाव, बैठकीची तारीख, कोणत्या वयातली जागा आणि रेकॉर्डिंगच्या फाइलचं नाव लिहा. शाई पुढच्या बाजूला फुटते. नकाशा ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. ए३ स्कॅनर नसेल तर दोन भागांत, मध्ये दोन बोटं सामाईक ठेवून. एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून आधी फक्त आकडे आणि वेळ यांची यादी करा: ‘७, विहीर, २३:४०’. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. इतरांना दाखवण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्या, आणि धाकाचा रंग लावलेल्या दारांवर ज्या शेजाऱ्यांची नावं आली असतील ती त्या प्रतीतून काढून टाका.