लेन्सला स्टेबिलायझेशन आहे, तरी फोटो हलतोय? या चुका टाळा

टेलिफोटो झूम नवीन घेतला की पहिल्या काही दिवसांतली तक्रार ठरलेली असते: "लेन्सला व्हीआर आहे, स्विचही चालू आहे, तरी पक्षी शार्प का येत नाही?" व्हीआर म्हणजे निकॉनच्या लेन्समधलं स्टेबिलायझेशन, हाताची थरथर सावरणारी सोय. कॅननवाले हेच आयएसबद्दल विचारतात, सोनीवाले ओएसएसबद्दल, टॅमरॉनवाले व्हीसीबद्दल. नावं कंपनीगणिक वेगळी असली तरी आतलं काम सारखंच आहे. लेन्समधले जायरो सेन्सर कॅमेरा कुठल्या दिशेला किती वेगाने कलतोय ते मोजतात आणि काचांचा एक गट त्याच क्षणी सरकवून प्रतिमा जागच्या जागी धरून ठेवतात. १९९५ साली कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये ही सोय आली. एसएलआरच्या बदलता येणाऱ्या लेन्समधली ती पहिली.

म्हणजे लेन्सला कळतं ते फक्त कॅमेऱ्याचं हलणं. समोरच्या बगळ्याने मान फिरवली, वाऱ्याने फूल डोललं, हे तिला कळत नाही आणि त्यावर ती काही करूही शकत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आधी फोटो मोठा करून बघा

सेटिंग बदलण्याआधी बिघडलेला फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा. सगळी चौकट, अगदी मागचे दगडसुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला आहे. मागचं झाड स्पष्ट आणि पक्ष्याचे पंख तेवढे पुसलेले असतील तर शटर स्पीड कमी पडला, म्हणजे शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा राहिला. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं गवत काटेकोर शार्प, तर फोकस चुकला. आणि दिशा कुठलीच नाही, सगळंच दुधाळ आहे, तर दुपारच्या तापलेल्या हवेने किंवा लेन्सवर लावलेल्या स्वस्त फिल्टरने घोळ केला असण्याची शक्यता मोठी. या चारांपैकी पहिल्या प्रकारावरच स्टेबिलायझेशनचा इलाज चालतो.

स्टॉपच्या आकड्यावर विसंबणं

हातात धरून काढायचा तर शटर स्पीड किमान एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा) इतके सेकंद ठेवावा, हा जुना हिशेब. २५० मिमीवर १/२५०. पण एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर कॅननला १.६ ने, निकॉन आणि सोनीला १.५ ने गुणायचं. म्हणजे कॅननच्या ५५-२५० च्या टोकाला खरा हिशेब १/४०० चा. हे गुणायचं राहून जातं आणि सुरुवातच चुकते.

आता या १/४०० मधून स्टेबिलायझेशनचे म्हणून लेन्सच्या खोक्यावर छापलेले साडेतीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड किंवा शटरचा वेळ दुप्पट अथवा निम्मा) वजा केले की कागदावर साधारण १/३५ येतो. तिथेच थांबून फोटो काढत सुटू नका. हे आकडे सीपा या जपानी संस्थेच्या पद्धतीने, ठरावीक थरथर देणाऱ्या यंत्रावर मोजलेले असतात. यंत्राला धाप लागत नाही. गड चढून आल्यावर तुमच्या हाताची थरथर वेगळी आणि सकाळी चहा घेऊन बसल्यावरची वेगळी. आकड्यातून निदान एक-दीड स्टॉप हातचा राखून ठेवा. वरच्या उदाहरणात १/८० पर्यंत उतरायला हरकत नाही, तेही समोरचं जागचं हलत नसेल तर.

ही अट सगळ्यात महत्त्वाची आहे. बसलेला माणूस बोलत असेल तर १/१०० च्या आसपास लागतो, चालणारा असेल तर १/२५०. फांदीवरचा पक्षीसुद्धा सतत मान झटकत असतो. उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० च्या पुढेच जावं लागतं. अशा वेळी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. त्याने येणारा नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बराच कमी करता येतो, हललेला डोळा परत शार्प होत नाही. स्टेजवरचं नाटक किंवा लग्नातली धावपळ टिपायची असेल तर स्टेबिलायझेशन नसलेली ५० मिमी एफ/१.८ ही साधी लेन्स एफ/४ च्या स्टेबिलाइज्ड झूमपेक्षा उपयोगी ठरते, कारण तिच्यातून दोन स्टॉपांहून जास्त उजेड येतो आणि शटर तेवढा वाढवता येतो.

उलट जिथे काहीच हलत नाही तिथे ही सोय काय करू शकते ते बघायचं असेल तर अजिंठ्याला जा. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि उजेड जेमतेम. भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व काही हलणार नाही, त्यामुळे २४ मिमीच्या आसपास १/१० वर, आयएसओ फार न वाढवता, चांगला फोटो मिळतो. फक्त आधार हवा म्हणून तिथल्या खांबांना टेकू नका. ती चित्रं पाचव्या शतकातली आहेत आणि आपल्या खांद्याच्या घासण्यानेही त्यांचं नुकसान होतं. कोपरं छातीशी घट्ट धरा, डावा तळहात लेन्सखाली घ्या, पाय थोडे फाकवून उभे राहा आणि अर्धा श्वास सोडून बटण दाबा. तीन-चार फोटोंचा बर्स्ट घ्या. पहिल्या फोटोत बोटाचा धक्का असतो, दुसरा-तिसरा बहुधा जास्त शार्प निघतो.

बटण एका झटक्यात दाबणं

अर्धं बटण दाबल्यावर स्टेबिलायझर जागा होतो आणि स्थिरावायला त्याला क्षणभर लागतो. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगायचं थांबलं की मगच पूर्ण दाबा. निकॉन डीएसएलआरवर मागच्या एएफ-ऑन बटणाने फोकस करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी: त्या बटणाने व्हीआर सुरू होत नाही. शटरचं बटण अर्धं दाबूनच ठेवावं लागतं. "व्हीआर चालतच नाही" अशी तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी एवढं तपासा.

चुकीचा मोड

मोठ्या लेन्सवर १ आणि २ असे मोड असतात. पहिला नेहमीचा. दुसरा पॅनिंगचा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवत असाल तर त्या दिशेची हालचाल सोडून फक्त वर-खालची थरथर सावरणारा. भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि तुम्ही मोड १ वर त्याच्या मागे कॅमेरा फिरवू लागलात, तर काही लेन्स तुमच्या फिरवण्यालाच थरथर समजून विरोध करतात. चित्र अडखळत सरकतं आणि काठांना दुहेरी कडा येतात. बऱ्याच नव्या लेन्स पॅनिंग आपोआप ओळखतात, म्हणून आपल्या लेन्सचं माहितीपत्रक एकदा नीट वाचा.

निकॉनचा अॅक्टिव्ह मोड हलत्या वाहनातून काढण्यासाठी आहे. बोटीत तो कामाचा, पण पॅनिंग करायचं असेल तर नॉर्मलवर या. बोटीच्या काठावर लेन्स टेकवू नका, इंजिनाची सगळी थरथर सरळ काचेत उतरते. ताडोब्यात जिप्सीतही तेच. वाघ दिसल्यावर ड्रायव्हरला हळूच "दादा, गाडी बंद करा" म्हणणं हे कुठल्याही स्टेबिलायझरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ट्रायपॉडवर चालू ठेवणं

जुन्या लेन्समध्ये हा दोष ठळक होता. कॅमेरा पक्का उभा असताना सेन्सर स्वतःच्याच यंत्रणेची थरथर पकडायचा, ती सावरायला काचा हलवायचा आणि लांब एक्स्पोजर बिघडायचं. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, तरी घट्ट बसवलेल्या ट्रायपॉडवर स्विच बंद करण्याची सवय चांगली. मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, मात्र चालूच ठेवा.

फुलांच्या जवळ गेल्यावर

कासच्या पठारावर ओणवे होऊन सीतेची आसवं टिपताना स्टेबिलायझेशन अचानक निकामी झाल्यासारखं वाटतं. लेन्स बिघडलेली नसते. इतक्या जवळून कॅमेरा कलण्यापेक्षा त्याचं वर-खाली आणि आजूबाजूला सरकणं जास्त नडतं. साधा स्टेबिलायझर कलणं ओळखतो, सरकणं नाही. कॅननच्या २००९ सालच्या १०० मिमी एल मॅक्रोमध्ये दोन्ही सावरायची सोय आली, पण तिथेही दूरच्या विषयाला मिळणारे चार स्टॉप पूर्ण १:१ वर, म्हणजे फूल सेन्सरवर मूळ आकाराचंच उमटतं तेव्हा, दोनच उरतात. शरीर पुढे-मागे झुललं की फोकस जातो, त्यावर तर कुठलाच लेन्स स्टेबिलायझर चालत नाही. आणि पठारावरच्या वाऱ्याचं काय? वारा थांबण्याची वाट पाहा किंवा १/२५० च्या वर जा.

विकत घेतानाची चूक

एकाच आकड्यांच्या दोन लेन्स असतात. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशी दोन्ही प्रकारांत निघाली, आणि तिच्यावर व्हीआरचा स्विचच नाही. चालू-बंद करायचं ते कॅमेऱ्याच्या मेनूतून. कॅननच्या ७५-३०० च्या तिसऱ्या आवृत्तीत आयएस नाही. जुन्या बाजारातून घेताना फक्त मिलिमीटर बघू नका, लेन्सच्या कड्यावरचं पूर्ण नाव वाचा. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतंय म्हणून चांगली लेन्स नाकारूही नका. वीज नसताना स्टेबिलायझरचा गट काही लेन्समध्ये किंचित हलतो. कॅमेरा चालू करून अर्धं बटण दाबल्यावर चित्र स्थिर झालं तर ठीक. ते सतत एका बाजूला उड्या मारत असेल तर मात्र लेन्स घेऊ नका.

आपल्या हाताचा आकडा काढायचा तर घरीच करा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, सगळ्यात लांब फोकल लेंग्थवर या आणि १/४०० पासून एकेक स्टॉप उतरत १/२५ पर्यंत जा. प्रत्येक वेगावर दहा फोटो, आधी स्टेबिलायझेशन बंद ठेवून, मग चालू करून. मोठे करून बघा आणि दहापैकी आठांत बारीक अक्षरं वाचता येतात तो सगळ्यात कमी वेग दोन्ही वेळचा लिहून ठेवा. मग मधल्या फोकल लेंग्थवर हेच पुन्हा करा, कारण झूमवर छापलेला आकडा टोकाच्या फोकल लेंग्थला मोजलेला असतो.